डोलोमाइट्सच्या लोखंडी शिड्या आणि वरचे रिफुजिओ: गोव्यातनं कोणी जाऊन आलंय का?

साखळीकार

नमस्कार मंडळी. मी, माझा मेव्हणा आणि ऑफिसातला एक मित्र असे तिघे यंदा इटलीत डोलोमाइट्सला जायचं म्हणतोय. तिथे ते व्हिया फेराता असतं ना, कड्यावर लोखंडी शिड्या आणि जाड वायर ठोकलेली, आपण कमरेला हार्नेस बांधून त्या वायरीला हुक लावत लावत चढायचं, ते करायचंय आणि रात्री खाली गावात न येता वरच डोंगरातल्या हटमध्ये, तिथे रिफुजिओ म्हणतात त्यात, राहायचं असा बेत आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरायची पाळी आली, एकात एक आजीबाई गप्पा मारत शिडी चढतायत आणि दुसऱ्यात एक धडधाकट दाढीवाला मध्येच अडकून रडकुंडीला आलाय, तेव्हा प्रकरण नेमकं किती कठीण ते काही कळत नाही.

आमचा अनुभव म्हणाल तर कळसूबाईच्या शिड्या झाल्यात, हरिहर झाला, खांडसकडनं शिडी घाटाने भीमाशंकर झालं, इथे आपलं सोंसोगड आणि वाघेरी. दोर लावून क्लाइंबिंग कधीच केलेलं नाही. उंचीची भीती मला नाही, मेव्हण्याला आहे पण तो कबूल करत नाही.

आता विचारायचं ते असं की मित्राचं म्हणणं, एवढे महागडे फेराता सेट कशाला, आपल्याकडे हार्नेस आहेत, दोन स्लिंग म्हणजे साधे पट्टे आणि दोन लॉकवाले कॅराबिनर म्हणजे हुक लावले की झालं काम. बरोबर आहे का हे? दुसरं म्हणजे मेव्हण्याचा मुलगा पण मागे लागलाय, अकरा वर्षांचा आहे, वजन ३४ किलो, त्याला न्यावं का? तिसरं तारखांचं. मे महिन्याच्या सुट्टीत जमलं असतं तर बरं होतं पण सगळे म्हणतात तेव्हा बर्फ असतो. आणि चवथ यंदा १४ सप्टेंबरला, तिच्या आधी घरी पोचलो नाही तर आई घरात घेणार नाही. आणि शेवटचं, हसू नका, आम्ही दोघे श्रावण पाळतो. एरवी निस्त्याशिवाय घास उतरत नाही पण श्रावणात अंडंही नाही. वर त्या हटमध्ये खायचं काय?

---

फोंडेकार_म्युनिकात

साखळीकारबाब, आधी मित्राला आवर. स्लिंगची आयडिया डोक्यातनं काढून टाका, बाकीचं मग बोलू.

कारण सांगतो. दोरावरच्या क्लाइंबिंगमध्ये माणूस पडला की लांब दोर ताणला जातो आणि झटका तोच खातो. फेरातात तसा दोर नसतो. वायर कड्यात दर तीन-चार मीटरवर, कुठे कुठे त्याहून लांब, खुंटीला पक्की केलेली असते. वरच्या खुंटीपर्यंत पोचत आलास आणि हात सुटला तर तुझे दोन्ही कॅराबिनर वायरीवरनं घसरत थेट खालच्या खुंटीवर येऊन अडकणार, म्हणजे तू पडलास चार-पाच मीटर आणि तो धक्का घ्यायला आहे काय तर जेमतेम मीटरभर पट्टा. दोराच्या क्लाइंबिंगमध्ये फॉल फॅक्टर, म्हणजे पडलेली उंची भागिले दोराची लांबी, वाईटात वाईट दोन धरतात, इथे तो पाचच्या घरात जाऊ शकतो. साधी स्लिंग ताणलीच जात नाही, मग तुटेल ती स्लिंग, कॅराबिनर किंवा तुझा कणा. फेराता सेटमध्ये एका छोट्या पिशवीत घडी घालून शिवलेला पट्टा असतो, धक्का बसला की त्याची शिवण ओळीने उसवत जाते आणि तेवढ्यात वेग मरतो. एकदा उसवला की सेट बाद.

सेटवर ईएन ९५८ हे युरोपियन मानक लिहिलंय का ते बघ, आणि २०१७चं असेल तर उत्तम, कारण त्यात ४० किलोपासून १२० किलोपर्यंतच्या माणसासाठी टेस्ट ठरवलीय. यातच तुझ्या भाच्याचं उत्तर आलं. ३४ किलोच्या पोराच्या वजनाने ती शिवण हवी तशी उसवणार नाही आणि सगळा झटका त्याच्या अंगावर. अशा मुलांना वरनं दोर धरून नेतात आणि तो धरणारा शिकलेला हवा, म्हणजे सर्टिफाइड गाइडच. आणि कोणी जुना सेट स्वस्तात देत असेल तर घेऊ नको, २०१२-१३ मध्ये अनेक कंपन्यांचे सेट दोषी निघाले म्हणून परत मागवले होते, त्यातले काही अजून लोकांच्या माळ्यावर पडलेले असणार. विकत घ्यायची गरजच नाही खरं तर, कोर्तिना नाहीतर मादोन्ना दी काम्पिल्यो या तिथल्या गावांत दुकानात हार्नेस, हेल्मेट, सेट असं सगळं मिळून दिवसाला वीसेक युरोत भाड्याने मिळतं.

आणि सेट आहे म्हणून पडायला हरकत नाही असं अजिबात समजू नका!! सेट जीव वाचवेल, हाडं नाही. शिडीवर पडलास तर शिडीच्याच पायऱ्यांवर आपटत खाली येशील.

नियम दोनच, पण ते पाठ पाहिजेत. खुंटी आली की एक कॅराबिनर काढून पुढच्या वायरीला लावायचा, मग दुसरा, दोन्ही एकदम मोकळे कधीच नाहीत. आणि दोन खुंट्यांच्या मधल्या वायरीवर एका वेळी एकच माणूस. मेव्हणा मागनं घाई करत आला आणि सटकला तर वायर अशी हिसकेल की तुझाही हात सुटेल.

---

वाळपईचो_म्हातारो

ते ठीक आहे रे, पण एवढं घाबरवू नका पोरांना. आम्ही चाळीस वर्षांपूर्वी सह्याद्रीत फिरायचो तेव्हा कसला सेट आणि कसली शिवण. काथ्याचा दोर, कॅनव्हासचे बूट. अलंग-मदन-कुलंग तसेच केले लोकांनी. आणि माझ्या वाचनाप्रमाणे त्या इटलीतल्या शिड्या लढाईतल्या सैनिकांनी लावलेल्या, खिळ्यांचे बूट घालून बंदुका पाठीवर घेऊन ते चढत होते, त्यांच्याकडे कुठे होतं हे सामान?

---

फोंडेकार_म्युनिकात

काका, तुमचा मान ठेवून सांगतो, त्या सैनिकांचं उदाहरण देऊ नका, त्यातले हजारो परत आले नाहीत. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विरुद्ध लढाईत उतरली आणि आघाडी थेट डोलोमाइट्सच्या शिखरांवरनं गेली, दोन वर्षांहून जास्त काळ. लागात्सुओई म्हणून डोंगर आहे कोर्तिनाजवळ, त्याच्या माथ्यावर ऑस्ट्रियन आणि कड्याच्या मधल्या अरुंद पट्टीवर इटालियन. एकमेकांना हटवता येईना म्हणून दोघांनी डोंगराच्या पोटात बोगदे खणले आणि सुरुंग उडवले, जून १९१७चा इटालियन सुरुंग तर तीसेक टनांचा होता. तो बोगदा आजही आहे, हेल्मेट आणि हेडटॉर्च लावून त्यातनं चालत जाता येतं, पायऱ्या ओल्या असतात आणि संपता संपत नाहीत. आणि गोळीपेक्षा हिमस्खलनाने माणसं गेली म्हणतात ते खोटं नाही, १३ डिसेंबर १९१६ला मार्मोलादावर एका बराकीवर बर्फ कोसळला त्यात शेकडो मेले.

सगळ्या शिड्या लढाईच्या नाहीत हेही खरं. ब्रेंता भागातल्या बोक्केत्तेची वाट १९३०च्या दशकात गिर्यारोहकांनीच बांधायला घेतली. आणि लढाईच्या वाटांवरचंही लोखंड आता नवीन आहे, जुनं गंजकं इकडे तिकडे लोंबकळताना दिसेल, त्याला हात लावायचा नाही.

---

वाळपईचो_म्हातारो

बरं बाबा, हरलो. सेट घ्या.

---

म्हापशेची_ताई

साखळीकारदादा, तुमचा श्रावणाचा प्रश्न वाचून मला हसू आलं पण चांगल्या अर्थाने, कारण मी आणि माझी जाऊ दोघी शुद्ध शाकाहारी आणि आम्ही गेलेलो, त्यामुळे हटचं माझ्याकडून घ्या.

उपाशी राहणार नाही. बहुतेक रिफुजिओत हाफ बोर्ड असतो, म्हणजे झोपायची जागा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. डोर्ममध्ये साधारण ६० ते ८० युरो माणशी, खासगी हट असेल किंवा रोपवे जवळ असेल तर जास्त. रात्री पहिला कोर्स पास्ता नाहीतर सूप, दुसरा मांसाचा, मग गोड. शाकाहारी सांगितलं की दुसऱ्या कोर्सला मक्याच्या पिठाची पोलेंता, वर वितळलेलं चीज आणि मशरूम. पोलेंता दिसायला आपल्या सांज्यासारखी, चवीला काही नाही, म्हणून मी लसणाच्या चटणीची पुडी बरोबर ठेवलेली आणि शेजारच्या टेबलवरच्या जर्मन काकांनीही मागून घेतली. कानेदेर्ली म्हणून पावाचे गोळे मिळतात त्यात स्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं, पालकवाले विचारून घ्या, पण त्यातही अंडं असतंच. सूपचा स्टॉक मांसाचा असू शकतो. ताजा पास्ता अंड्याचा असतो, सुका बहुतेक नुसत्या गव्हाचा, त्यामुळे श्रावणात स्पॅगेटी आणि टोमॅटो सॉस हाच तुमचा देव. बुकिंगच्या मेलमध्येच लिहा, वर पोचल्यावर सांगून उपयोग नाही कारण सामान छोट्या मालवाहू रोपवेने नाहीतर हेलिकॉप्टरने येतं, जे आहे त्यातच ते करणार.

पाण्याचं आधीच सांगते कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हा दगड चिरांचा आहे, पाऊस आणि बर्फाचं पाणी वर थांबतच नाही, सरळ आत जिरतं, म्हणून उंचावरच्या हटला पाण्याची कायम टंचाई. बऱ्याच ठिकाणी नळावर पिण्याचं नाही अशी पाटी असते आणि बाटली विकत, खालच्यापेक्षा बरीच महाग. आंघोळीला टोकन, टोकन टाकलं की मोजकी मिनिटं गरम पाणी, साबण लावलेला असताना बंद पडलं तर ओरडून उपयोग नाही. काही ठिकाणी शॉवरच नाही. आम्हा गोव्याच्या माणसांना दिवसातनं दोनदा आंघोळ लागते, तो हट्ट खाली गाडीत ठेवून जायचा.

जोडे बाहेरच्या खोलीत, काठ्या पण तिथेच, आत सपाता घालायच्या, त्या बहुतेक हटमध्ये ठेवलेल्या असतात. ब्लँकेट मिळतं पण आतली चादरीची पिशवी, स्लीपिंग बॅग लायनर म्हणतात ती, आपली हवी, नसेल तर विकत घ्यायला लावतात. जेवण साडेसहा-सातला, उशीर केला तर मिळेलच असं नाही, रात्री दहाला दिवे बंद. डोर्ममध्ये वीस माणसं एका खोलीत, बाईमाणूस पुरुषमाणूस सगळे एकत्र, घोरणारे असतातच, इअरप्लग घ्या. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटलं पण सगळे इतके दमलेले असतात की कोणाला कोणाकडे बघायला सवड नसते. चार्जिंगला दोन सॉकेट आणि तीस फोन, पॉवरबँक न्याच. रोख पैसे ठेवा, कार्डाचं मशीन वर रेंज नसली की चालत नाही. आणि तुमचा कचरा तुम्हीच खाली न्यायचा.

---

कळंगुटकार

वीस माणसं एका खोलीत, पाण्याची टंचाई, दहाला दिवे बंद आणि वर ऐंशी युरो?? सीझनला आमच्या गेस्ट हाउसचे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना तिथे पाठवा रे कोणीतरी.

---

साखळीकार

ताई आणि फोंडेकारबाब, देव बरें करूं. भाच्याचं रद्द, त्याला आजोळी ठेवून जाणार, रडला थोडा. मित्राला स्लिंगचं वाचून दाखवलं, तो आता म्हणतो मी गंमतीत म्हटलेलं.

आता सांगा पहिल्यांदा कुठली वाट घ्यावी? मला खरं म्हणजे ब्रेंतातली ती बोक्केत्तेवाली करायची आहे, फोटोत लांबच लांब शिड्या आणि कड्यावरनं जाणारी अरुंद पट्टी दिसते ती, पण मेव्हण्याचं उंचीचं बघता सरळ तिथेच नेऊ का? आणि तारखा साधारण २६ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर धरल्यात.

---

फोंडेकार_म्युनिकात

तारखा छान आहेत. १५ ऑगस्टला इटलीची मोठी सुट्टी असते, त्या आठवड्यात वाटांवर अक्षरशः रांगा लागतात, महिन्याच्या शेवटी गर्दी ओसरते. दुसरं म्हणजे जुलैच्या सुरुवातीला घळ्यांमध्ये जुना बर्फ असतो तो तोपर्यंत बराच वितळलेला. हट साधारण २० सप्टेंबरपर्यंत उघडे असतात, म्हणजे चवथही सांभाळली आणि हटही. मे महिना विसरा, तेव्हा बहुतेक सगळे हट बंद आणि वायर बर्फाखाली.

सरळ ब्रेंताला जाऊ नका असं माझं मत. आधी कोर्तिनाला या, व्हेनिस विमानतळावरनं बस आहे, दोन-अडीच तास. तिथनं फाल्झारेगो घाटात (२१०५ मीटर) जा. मी वर सांगितलेला लागात्सुओईचा बोगदा आणि त्याच डोंगरावरची काइझरयेगर वाट दोन्ही सोप्या आहेत, वर २७५२ मीटरवर रिफुजिओ लागात्सुओई, रोपवेपण आहे त्यामुळे मेव्हणा बिथरला तर तो गाडीत बसून खाली. दुसऱ्या दिवशी समोरचा आव्हेराउ, २६४९ मीटर, फेराता छोटी आहे पण उभा कडा आणि पायाखाली मोकळं म्हणजे काय ते अर्ध्या तासात कळतं. तिथनं जवळच रिफुजिओ नुव्होलाउ, शिखराच्या टोकावरच बांधलेला, १८८३ पासून आहे. संध्याकाळी सगळे कडे आधी केशरी मग गुलाबी होतात ते बघायला तिथे राहा. मेव्हण्याचा चेहरा कसा आहे ते बघून पुढचं ठरव.

तो ठीक असेल तर मग ब्रेंता. मादोन्ना दी काम्पिल्योहून ग्रोस्तेचा रोपवे, तिथनं रिफुजिओ तुकेत्तपर्यंत साधी पायवाट, मग ब्रेंतेई आणि चढून आलिमोंता (२५८० मीटर), मुक्काम तिथे. सकाळी लवकर निघून बोक्केत्ते चेंत्राली. सुरुवातीला एका छोट्या हिमनदीच्या उतारावरनं चढावं लागतं, ऑगस्टअखेरीस ती दगडासारखी कडक असू शकते, तेव्हा हटमालकाला आदल्या रात्री विचारा की बुटाला काटे लागतील का. मग शिड्या, आणि त्यानंतर ती तुझ्या फोटोतली पट्टी, डावी-उजवीकडे कुठे बघायचं ते कळत नाही, मध्येच काम्पानिले बास्सो नावाचा सुळका अगदी समोर येतो, १८९९ मध्ये चढले लोक त्यावर. वाट संपते तिथनं पेद्रोत्ती हट (२४९१ मीटर) जवळच. तीन-चार तासांचं काम, गर्दी असेल तर जास्त.

एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. वायर सगळीकडे नसते. मध्येच पंधरा-वीस मीटरची पट्टी अशी येते की तिथे पकडायला काहीच नाही, कारण बांधणाऱ्यांच्या मते ते सोपं आहे. ताकद शिडीवर लागते, पण पाय घसरला तर महाग पडतं ते या सोप्या जागी. आणि फेराता ग्रेडवर बघून निवडा, ऑस्ट्रियन पद्धतीत ए सोपी ते ई भयंकर, तुम्ही ए-बीच्या वर जाऊ नका. पुंता आन्ना, तोमासेल्ली ही नावं कोणी सुचवली तर हात जोडा.

---

वाळपईचो_म्हातारो

आता मला बोलू द्या, सेट कळत नसला तरी पाय कळतात.

तुम्ही पोरं जिममध्ये जाऊन दंड फुगवणार हे मला माहिती आहे. शिडीवर दंडांचा उपयोग नाही. पाडेलीला माडावर चढताना बघा कधी नीट, पाय ढकलतात आणि हात नुसते धरून असतात, म्हणून तो दिवसाला तीस-चाळीस माड उतरवतो. हाताने ओढत चढलात तर दहाव्या मिनिटाला बोटं उघडत नाहीत. हात सरळ ठेवायचे, दमला की जवळ बघून एक आखूड पट्ट्यावरचा कॅराबिनर शिडीच्या पायरीला लावून लटकायचं आणि श्वास घ्यायचा. (बघा, मी पण वाचलं आता.)

सरावाला सोंसोगड चांगला आहे पण तो ११६६ मीटर, आणि तुम्ही अर्ध्यातनं गाडीने जाता. त्यापेक्षा पारोड्याचा चंद्रनाथ पाठीवर दहा किलो घेऊन लागोपाठ तीनदा चढा उतरा. उतरण्यावर भर द्या, गुडघे तिथे जातात. कळसूबाईला परत जा, १६४६ मीटर आहे, शिड्यांवर गर्दी नसेल अशा दिवशी, आणि मेव्हण्याला शिडीवर मधोमध पाच मिनिटं नुसतं उभं करा. तोंडाने कबूल नाही करणार, पाय करतील. पावसात जाऊ नका तेवढं, शिडीचं लोखंड ओलं असलं की...

आणि पावसावरनं आठवलं. आपली सवय अशी की ट्रेक म्हटला की पाऊस हवाच, भिजत भिजत जायचं. तिथे ती सवय चालेल का हो फोंडेकार?

---

फोंडेकार_म्युनिकात

अजिबात नाही काका, बरं झालं विचारलंत, हे मीच आधी लिहायला हवं होतं. भिजल्याने कोणी मरत नाही पण तिथला उन्हाळी पाऊस म्हणजे वीज. सकाळ स्वच्छ, अकरापासून ढग वाढतात आणि दोन-तीननंतर गडगडाट, जुलै-ऑगस्टात हे वरचेवर. आणि तुम्ही उभे कुठे आहात, तर शेकडो मीटर लांब लोखंडी वायरीला कमरेने बांधून. वीज लांब कुठेतरी वायरीवर पडली तरी ती तुमच्यापर्यंत येते. म्हणून पहाटे नाश्ता झाला की निघायचं आणि दुपारी एक-दोनच्या आत वायर सोडलेली पाहिजे. हटमध्ये राहण्याचा खरा फायदा हाच, खालनं दीड-दोन तास चढून यायचे वाचतात आणि सात-साडेसातला तुम्ही वायरीवर असता. ब्रेंतासाठी मेतेओत्रेंतिनोचा अंदाज बघायचा आणि हटमालक काय म्हणतो ते ऐकायचं, तो नको म्हणाला तर त्या दिवशी पत्ते खेळा. मध्येच अडकलात आणि गडगडायला लागलं तर वायरीपासून लांब व्हायचं, सुळका आणि धार सोडायची, पण आधी पडणार नाही अशी जागा बघून.

मदत लागली तर ११२. रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी नाहीतर टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. समोरनं मिनिटाला तीनदा उत्तर आलं की कळलं त्यांना.

---

म्हापशेची_ताई

इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही अजून. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, तो सगळे काढतात आणि निश्चिंत होतात, पण त्यातल्या बऱ्याच पॉलिसींत माउंटेनियरिंग वगळलेलं असतं. बारीक अक्षरात बघा, कुठे दोर-हार्नेस वापरून केलेली चढाई असं लिहिलेलं असतं, कुठे अमुक मीटरच्या वर नाही असं. फेराता आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू दोन्ही कव्हर आहे असं कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरची मुलगी हो हो म्हणते त्याला अर्थ नाही. दुसरा रस्ता म्हणजे ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबची मेंबरशिप, तिच्यात रेस्क्यूचा इन्शुरन्स येतो आणि इटालियन अल्पाइन क्लबच्या हटमध्येही झोपायच्या जागेचं भाडं कमी पडतं, जेवणाचं नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. रोजच्या मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणून हटकडून कन्फर्मेशनचा ईमेल तारखांसकट मागून घ्या, त्याची प्रिंट लावा. आमच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला हट हे हॉटेल आहे का तंबू आहे का ते कळेना, शेवटी जाऊबाईने फोटो दाखवला.

---

साखळीकार

हे सगळं मेव्हण्याला पाठवलं. तो म्हणतो नुव्होलाउपर्यंत नक्की, ब्रेंताचं तिथे बघू. रविवारी चंद्रनाथ, काका येणार असाल तर पारोड्याच्या तिठ्यावर सहाला भेटू.

ताई, आलिमोंताला मेल इंग्लिशमध्ये चालेल ना? आणि आत्ता फेब्रुवारीत लिहिणं लवकर नाही ना होत?

---

म्हापशेची_ताई

इंग्लिश चालतं. लवकर नाही, नुव्होलाउ छोटा आहे, त्याला आजच लिहा. तीन बेड, तारीख, अंडं-मांस-मासे न खाणारे किती, एवढंच चार ओळींत. ॲडव्हान्स मागतील तो भरा आणि बेत बदलला तर वेळेत कळवा, न कळवता गेला नाहीत तर हट रिकामा ठेवून ते तुमची वाट बघतात आणि अंधार पडला की शोधायला माणसं पाठवायची का म्हणून फोनाफोनी सुरू होते.

---

वाळपईचो_म्हातारो

सहाला नको, साडेपाचला या. ऊन चढतं नंतर.